सुतारतात्यांस, पहिली-दुसरीच्या वर्गाकडून

आदरणीय तात्या,
सा. न. वि. वि.

पत्र बघून "बाई, फोन करायचा की" म्हणाल. पण फोनवर तुम्ही बोलू कुठं देता? वर्गातल्या पुस्तकांच्या रॅकबद्दल आभाराचा 'आ' काढला की तुमचं "ऱ्हाऊ द्या ओ, पाऊस काय म्हणतोय तिकडं?" सुरू. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या बाकीच्या बाई-मास्तरांनीही वाचावं, एवढाच स्वार्थ.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई वर्गात शिरली आणि पुस्तकांचा लगदा झाला. २०२१ च्या जुलैत दिल्लीत 'निपुण भारत' सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, मुदत २०२६-२७ ची. आणि त्याच महिन्यात इकडे नदी पुन्हा आत! मदत आली नाही असं मी म्हणणार नाही. एक मंडळी गाडीला बॅनर बांधून आली आणि जाडजूड, बारीक टायपातली पुस्तकं देऊन गेली. पहिलीच्या पोराला ती उचलायचा व्यायाम म्हणून ठीक. फोटो मात्र झकास निघाले. मग आणखी कुणी पुराची खूण बघून तिच्या वर फळ्या ठोकून दिल्या. तिथं माझाच हात पुरत नव्हता, पोरांचं काय घेऊन बसलात! उरलेली पुस्तकं लोखंडी कपाटात, किल्ली ऑफिसात. "पुस्तक हरवलं तर भरून कोण देणार?" हे मला झाडून सगळ्यांनी विचारलं. पोरं वाचणार कधी, हे एकानंही नाही. औदुंबरला दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं, आणि त्याच तालुक्यात आमची पोरं पुस्तक मागायला भीत होती.

तुम्ही आलात तेव्हा मी मापं कागदावर काढून ठेवली होती. तुम्ही तो कागद घडी घालून खिशात टाकलात. "आधी गिऱ्हाईक तर बघू" म्हणालात आणि सरळ फरशीवर बसलात. वर्गातल्या सगळ्यात बुटक्या पोरीला हाक मारून भिंतीशी उभं केलंत. "हात वर कर बघू. टाचा उचलायच्या न्हाईत हां." कानावरची पेन्सिल काढून तिच्या बोटांशी रेघ मारलीत. मग तिलाच विचारलंत, "इथनं पुस्तक काढता येईल का गं? आनि परत ठेवता?" तिनं लाजून मान हलवली. तुमचं तेवढ्यावर भागलं नाही. तिच्या हातात पाटी दिलीत, "ठेव बघू." पाटी सटकली, तुम्ही खालच्या खाली झेललीत, आणि रेघ चार बोटं खाली आणलीत.

तात्या, मला त्या पाटीचं अजून राहून राहून वाटतं. प्रशिक्षणात आम्हाला भिंती बोलक्या करायला सांगतात. आम्ही करतोही, मुळाक्षरांचा तक्ता पंख्याच्या उंचीला टांगून! बोलतात भिंती, पण आपसात. इतकी शिकलेली माणसं त्या वर्गात येऊन गेली, त्यात मीही आलेच, पण ज्याच्यासाठी करायचं त्यालाच आधी उभं करून विचारावं, हे तुम्हाला सुचलं. पुढं तुम्ही कडा पॉलिशपेपरनं घासत बसलात आणि त्यावर आपलाच गाल फिरवून बघितलात, तेव्हा तर मी बाहेर जाऊन उभी राहिले. अशी माणसं गावोगाव असतात, नाही असं नाही. पण ती कुणाच्या यादीत नसतात आणि त्यांच्या गाडीला बॅनर नसतो.

बाकीचं काय लिहू? वाचता न येणारं पोर चित्र बघून पुस्तक निवडतं, कणा बघून नाही, हे मी सांगितलं आणि तुम्ही लगेच फळ्या तिरक्या करून पुढं नुसती पट्टी मारलीत. आता सगळी पुस्तकं तोंड दाखवून उभी असतात. रेघ पुराच्या खुणेखाली येते म्हणून मी धास्तावले होते, तर तुम्ही अख्खं रॅक हुकावर अडकवलंत. कोयनेतून विसर्ग वाढला, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं सरकू लागलं, की दोघांनी उचलायचं आणि गच्चीवरच्या खोलीत न्यायचं. मजुरीचा विषय तुम्ही काढूच दिला नाहीत.

उरलेल्या प्लायच्या तुकड्यांवर पोरांनी अक्षरं रंगवलीत. आम्ही क-ख-ग अशा ओळीनं जात नाही. क, म, ल, र आणि काना एवढ्यावरच काका, मका, माला, कमल, राम असे शब्द जुळतात. दोन अक्षरं जुळून शब्द झाला की पोरगं ओरडतंच. आता ती बुटकी पोरगी रॅकमधलं पुस्तक काढते, चित्रं बघून गोष्ट स्वतःच रचते आणि जागच्या जागी ठेवते. पुस्तकांचे कोपरे दुमडतात, एकदोन पानं फाटलीत. फाटू देत.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आहे. तुम्ही यायचंच. शाल-नारळ नाही, भाषण नाही, घाबरू नका. दुसरीची पोरं तुम्हाला वाचून दाखवणार आहेत, तेव्हा चष्मा विसरलात तरी चालेल. फक्त येताना प्लायचा एक चौकोनी तुकडा कापून आणा. पोरांना तुमचं नाव जुळवायचंय आणि आमच्याकडं जोडाक्षराची एकही पाटी नाही. सध्या रॅकवर 'ताता' लिहून ठेवलंय.

तुमची,
बाई