अकरा वर्षांनी आलेलं फूल

सोलापूर,
१६ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

फूल आलं! परवा सकाळी गच्चीवर गेलो, तर माझ्या एरिओकार्पस निवडुंगाच्या मधल्या पांढऱ्या लोकरीतून गुलाबी टोक वर आलेलं. बारा वाजेपर्यंत पूर्ण उमललं. खालचं रोप जवळजवळ झाकून टाकलं त्याने. मी जेवायलाही खाली उतरलो नाही. हिने ताट वर आणून दिलं आणि तीही शेजारी बसून राहिली.

अकरा वर्षं झाली रे ते बी पेरून. धाकटी तेव्हा पहिलीत होती. काडीच्या ओल्या टोकाने तिनेच एकेक बी मातीवर ठेवलं होतं. आता ती बारावीला आहे. पंचवीस बियांपैकी चौदा उगवल्या, त्यातली पाच रोपं राहिली.

मागे फोनवर तू विचारलंस, इतकी वर्षं तू नुसतं बघतोस तरी काय? तेव्हा नीट सांगता आलं नाही. पहिल्या आठवड्यात मोहरीएवढा हिरवा थेंब दिसतो. भिंग घेतलं की त्याच्या डोक्यावर केसासारखे मऊ काटे फुटताना दिसतात. वर्षभराने तो मसुरीच्या दाण्याएवढा होतो, पाच वर्षांनी रुपयाच्या नाण्याएवढा. चौथ्या वर्षी कुंडी बदलायला रोप उपसलं आणि थक्क झालो. वर बोटाच्या पेराएवढं रोप, आणि खाली मुळ्यासारखं जाड, भरलेलं मूळ! मला वाटत होतं ते थांबलंय. ते सगळा वेळ खाली वाढत होतं. टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोच्या उजाड माळांवर हे झाड जमिनीसरशी बसतं, त्याला तिकडे 'जिवंत दगड' म्हणतात. दुष्काळात ते या मुळावरच तगतं.

काही जण एवढंसं रोप परेस्किऑप्सिस नावाच्या भराभर वाढणाऱ्या निवडुंगाच्या खोडावर कलम करतात. फूल कितीतरी लवकर येतं. मी केलं नाही, करणारही नाही. कलमी रोप फुगतं, जमिनीला चिकटून बसण्याचा त्याचा स्वभावच जातो, आणि माझा जीव त्या स्वभावातच अडकलाय.

नुकसानही सोसलंय. एका पावसाळ्यात दुसऱ्या एका पेरणीच्या कुंड्यांवरच्या बंद पिशव्या लवकर उघडल्या आणि हवेतून आलेली बुरशी धरली. संध्याकाळी टवटवीत असलेली रोपं सकाळी पाणी होऊन आडवी. चाळीसातली सव्वीस गेली. फार वाईट वाटलं होतं.

मागच्या वर्षी सग्वारो पेरले. ॲरिझोनाच्या वाळवंटातले ते उंच, हात पसरलेले निवडुंग तू चित्रात पाहिलेच असशील. पहिल्या दहा वर्षांत ते जेमतेम एक-दोन इंच वाढतात, पहिलं फूल साधारण पस्तिसाव्या वर्षी, आणि हात फुटायला पन्नास ते पंच्याहत्तर वर्षं. मी आज सत्तेचाळीस. तरी पेरले. तिकडे त्यांची पिल्लं पालो व्हर्डेसारख्या झाडांच्या सावलीत वाढतात, म्हणून इथे मी त्यांना हिरव्या जाळीखाली ठेवलंय. आपल्या सोलापूरच्या मे महिन्याच्या उन्हात ती उघड्यावर टिकली नसती.

आणि बियांपासूनच का, तेही सांगतो. २०२० साली इटलीत एका माणसाकडे हजाराहून अधिक निवडुंग सापडले, बहुतेक चिलीच्या अटाकामा वाळवंटातून उपटून चोरून नेलेले. पुढच्या वर्षी त्यातले शेकडो परत पाठवले गेले. कितीतरी दशकं एका जागी उभं राहिलेलं झाड कुणाच्या तरी खिडकीसाठी उपटायचं, हे वाचून मला रात्री झोप लागली नाही. माझ्याकडचं एरिओकार्पसचं बी इथल्याच एका छंदिष्टाच्या गच्चीतल्या झाडांचं होतं. त्यासाठी कुठल्या माळावर खड्डा पडला नाही.

दुसऱ्या रोपालाही कळी आहे, एक-दोन दिवसांत उमलेल. एका झाडाच्या परागाने त्याच झाडावर सहसा बी धरत नाही, म्हणून पहिलं फूल मिटायच्या आत दुसरं उघडावं अशी आस लावून बसलोय. बारीक ब्रश धुऊन तयार ठेवलाय. फळ धरलं तर ते लोकरीतच दडून राहतं, त्यामुळे कळायलाही काही महिने जातील.

सोबतच्या पुडीत ॲस्ट्रोफायटम या निवडुंगाच्या वीस बिया आहेत, माझ्याच झाडांच्या. टोपीसारख्या दिसतील. पाचेक वर्षांत पिवळं फूल येतं, घशाशी लाल. आत्ता थंडीत पेरू नकोस, फेब्रुवारी संपू दे. विटेचा बारीक चुरा, जाड वाळू आणि मूठभर चाळलेलं गांडूळखत मिसळ. त्यावर उकळतं पाणी ओतून थंड होऊ दे. बिया वरच ठेव, मातीने झाकू नकोस, त्यांना उजेड लागतो. कुंडी पारदर्शक पिशवीत घालून तोंड घट्ट बांध आणि थेट उन्हात ठेवू नकोस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवं दिसेल, तेव्हा रात्रीचे कितीही वाजले असोत, मला फोन कर. आणि पहिले तीन महिने पिशवी उघडू नकोस, कितीही मन झालं तरी.

तुझाच,
गच्चीवरचा मित्र