छातीवर मेडल आहे म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात एका गृहस्थांनी लिहिलं होतं की ज्याने देशासाठी गोळ्या झेलल्या तो निवडणुकीला उभा राहिला तर त्याला कुणी प्रश्न विचारू नयेत, त्याने उत्तर रणांगणावरच देऊन ठेवलंय. वाक्य टाळ्याखाऊ आहे यात वाद नाही. पण मला लगेच अमेरिकेचे सिनेटर डॅनियल इनोये आठवले, आणि म्हटलं आता चार ओळी लिहायलाच पाहिजेत, कारण या माणसाने गोळ्याही झेलल्या, अख्खा उजवा हातही दिला, आणि तरी त्यांचं पुढचं राजकीय आयुष्य या वाक्याच्या बरोबर उलट्या दिशेने गेलं. आपल्याकडे व्हिएतनाममध्ये युद्धकैदी राहिलेले सिनेटर मॅकेन माहीत असतात, केनेडी तर शाळेतल्या पोरांनाही माहीत असतात, इनोयेंचं नाव मात्र सहसा कुणी काढत नाही.

जन्म 1924 चा, होनोलुलूचा. आजोबा जपानमधून हवाईत आले ते उसाच्या मळ्यावर राबायला, का, तर गावाकडे यांच्या घरात लागलेली आग शेजारच्या घरांपर्यंत गेली आणि 400 डॉलरचं देणं कुटुंबाच्या डोक्यावर बसलं. ते फेडता फेडता घर तिथलंच झालं. 7 डिसेंबर 1941 ला हवाईतल्याच पर्ल हार्बरवर जपानचे बॉम्ब पडले तेव्हा डॅनियल सतरा वर्षांचा होता, रेडक्रॉसचं प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलेलं, त्यामुळे त्याच दिवशी जखमी उचलायला धावला. विमानांवरचे जपानच्या निशाणीचे लाल गोळे त्याने डोळ्यांनी बघितले होते आणि त्याला तेव्हाच कळलं की आता आपल्या चेहऱ्याच्या माणसांचं काही खरं नाही. झालंही तसंच. जपानी वंशाच्या पोरांना सैन्यभरतीत थेट शत्रूदेशाच्या माणसांच्या वर्गात टाकलं आणि फेब्रुवारी 1942 च्या रूझवेल्ट यांच्या आदेशानंतर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या साधारण 1 लाख 20 हजार लोकांना घरंदारं, दुकानं, शेती सोडून छावण्यांत नेऊन ठेवलं. त्यातले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते.

1943 मध्ये सरकारला उपरती झाली आणि जपानी वंशाच्या तरुणांची वेगळी पलटण उभी करायचं ठरलं, तीच ती 442 वी रेजिमेंटल कॉम्बॅट टीम. हवाईतून दीड हजार पोरं हवी होती, आली जवळपास दहा हजार. इनोये तेव्हा डॉक्टर व्हायच्या तयारीत होता, सर्जन व्हायचं होतं त्याला, ते सोडून तो भरती झाला. निघताना वडिलांनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ एवढाच की या देशाने आपल्याला चांगलं वागवलंय, देशाचं आणि घराण्याचं नाव खाली येईल असं काही करू नकोस.

इथे एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही, लढाईच्या किश्शांपेक्षा मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. मिसिसिपीतल्या ट्रेनिंग कॅम्पमध्ये हवाईची पोरं आणि मुख्य भूमीवरून आलेली जपानी-अमेरिकन पोरं यांचं अजिबात जमत नव्हतं, रोज मारामाऱ्या, एकमेकांना ठेवलेली टोपणनावं, हवाईवाल्यांना वाटायचं ही पोरं शिष्ट आहेत, पैसे खर्च करत नाहीत, हसत नाहीत. मग हवाईच्या काही पोरांना बसमध्ये घालून अर्कान्सामधली एक छावणी दाखवायला नेलं. जाताना बसमध्ये गाणी, उकुलेले, धमाल, पोरींना भेटायला मिळणार म्हणून सगळे खुशीत. तिथे पोचल्यावर काटेरी तारा, पहाऱ्याचे मनोरे, रायफली घेतलेले शिपाई आणि आत आपल्याच सहकाऱ्यांचे आईबाप. परतीच्या बसमध्ये कुणी तोंड उघडलं नाही. इनोये नंतर अनेकदा सांगायचे की आम्ही सगळे तेव्हा एकच विचार करत होतो, मी जर या छावणीत असतो तर भरती झालो असतो का. त्यानंतर भांडणं मिटली म्हणतात. माझ्या मते या माणसातला राजकारणी त्या बसमध्येच तयार झाला, पण हे माझं मत.

आता लढाई. 21 एप्रिल 1945, इटली, युद्ध संपायला जेमतेम दोन आठवडे राहिलेले. सेकंड लेफ्टनंट इनोये आपली प्लाटून घेऊन एका टेकडीवर चढत होते, वर जर्मनांच्या तीन मशीनगन. पोटात गोळी लागली तरी थांबले नाहीत, दोन चौक्या उडवल्या, तिसरीपासून दहा-पंधरा पावलांवर असताना ग्रेनेड फेकायला हात मागे घेतला आणि त्याच क्षणी समोरून आलेल्या रायफल ग्रेनेडने उजवा हात कोपराजवळ जवळपास तुटला. पिन काढलेला ग्रेनेड त्या लोंबणाऱ्या हाताच्या मुठीत तसाच घट्ट. साथीदार मदतीला धावले तर यांनी ओरडून त्यांना लांब ठेवलं, मूठ सुटली असती तर सगळेच गेले असते, मग डाव्या हाताने आपल्याच मेलेल्या बोटांतून ग्रेनेड सोडवून घेतला आणि चौकीत टाकला. वर डाव्या हाताने टॉमीगन चालवत पुढे गेले, पायात गोळी लागली तेव्हा कोसळले. शुद्धीवर आल्यावर भोवती जमलेल्या पोरांवर खेकसले की युद्ध थांबलंय असं तुम्हाला कुणी सांगितलं. मॉर्फीन आधीच इतकं दिलं गेलं होतं की हात कापताना धड भूलही देता आली नाही. सर्जन व्हायचं स्वप्न तिथेच संपलं.

एवढ्या पराक्रमाला मिळालं काय, तर दुसऱ्या क्रमांकाचं पदक. सर्वोच्च मेडल ऑफ ऑनर मिळायला जून 2000 उजाडलं, तेही जुन्या फाइली पुन्हा तपासल्या गेल्या म्हणून. त्या दिवशी अध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते आशियाई वंशाच्या 22 सैनिकांना ते दिलं, त्यातले फक्त सात जण हयात होते. आणि हे तर काहीच नाही, घरी परतताना सॅन फ्रान्सिस्को भागात एका न्हाव्याच्या दुकानात हा माणूस युनिफॉर्मवर, छातीवर मेडलं, हाताच्या जागी लोखंडी हुक, केस कापायला गेला तर सांगितलं गेलं की आम्ही जपान्यांचे केस कापत नाही. तुझी कीव येते एवढंच म्हणून ते बाहेर पडले.

मिशिगनमधल्या लष्करी हॉस्पिटलमध्ये त्यांची बॉब डोल यांच्याशी गाठ पडली. डोलही इटलीतच, आठवडाभर आधी जखमी झालेले, त्यांचाही उजवा हात कायमचा निकामी. डोल म्हणाले मी लॉ करणार, मग राज्याच्या राजकारणात, मग काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, जाणार. इनोयेंनी तोच प्लॅन उचलला आणि डोल यांच्या आधी वॉशिंग्टनला पोचले, वर फोन करून विचारलं म्हणे, मी आलोय, तुम्ही कुठे आहात. इनोये डेमोक्रॅट, डोल रिपब्लिकन, दोस्ती शेवटपर्यंत. तिसरे फिलिप हार्टही त्याच हॉस्पिटलात, तेही सिनेटर झाले, आणि त्या इमारतीला आता तिघांची नावं आहेत. डिसेंबर 2012 मध्ये इनोये गेले तेव्हा 89 वर्षांचे डोल व्हीलचेअरमधून उठून, आधार घेत शवपेटीपर्यंत चालत गेले आणि डाव्या हाताने सॅल्यूट केला, म्हणाले डॅनीने मला व्हीलचेअरवर बघू नये.

बरं, त्यांनी आपल्या तुटलेल्या हाताचा राजकारणात उपयोग केला नाही असं मी अजिबात म्हणणार नाही. 1954 मध्ये हवाईच्या निवडणुकीत डेमोक्रॅट कम्युनिस्टांचे बगलबच्चे आहेत असा प्रचार झाला तेव्हा यांनी लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि सांगितलं, फॅसिस्टांशी लढताना हा हात दिला, कम्युनिस्टांशी लढायला देशाला दुसरा हवा असेल तर तोही घ्या. मळेवाल्यांच्या कंपन्यांची आणि रिपब्लिकनांची वर्षानुवर्षांची सद्दी त्या निवडणुकीत संपली. 1968 मध्ये खुद्द प्रेसिडेंट जॉन्सन आपल्याच पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार हम्फ्री यांना फोनवर सांगत होते की उपाध्यक्षपदासाठी इनोये घे, व्हिएतनाम युद्धावरच्या प्रश्नांचं उत्तर त्याची रिकामी बाही देईल. म्हणजे बघा, मेडलवाल्या माणसाला प्रश्नांसमोर ढाल म्हणून वापरायची आयडिया काही आजची नाही. हम्फ्रींनी घेतलं नाही ते सोडा. खुद्द इनोये काय करत राहिले ते मला बघायचंय.

1959 ला हवाई राज्य झालं, ते कनिष्ठ सभागृहातले तिथले पहिले खासदार, 1963 पासून मरेपर्यंत सिनेटर. 1973 मध्ये वॉटरगेटच्या, म्हणजे अध्यक्ष निक्सन यांना भोवलेल्या घोटाळ्याच्या, चौकशी समितीत होते, तिथे निक्सन यांच्या माणसांच्या वकिलाने त्यांच्याबद्दल पत्रकारांसमोर वांशिक शेरा मारला आणि यांच्या ऑफिसात पाठिंब्याच्या तारांचा ढीग पडला. पण खरा प्रसंग 1987 चा. इराण-काँट्रा प्रकरण, म्हणजे इराणला गुपचूप शस्त्रं विकून त्यातला पैसा संसदेच्या डोळ्यांत धूळ फेकून निकाराग्वातल्या बंडखोरांना पोचवायचा. सिनेटच्या चौकशी समितीचे अध्यक्ष इनोये आणि समोर साक्षीला लेफ्टनंट कर्नल ऑलिव्हर नॉर्थ, मरीन या लष्करी दलाचा कडक युनिफॉर्म, छातीवर रिबनच्या रांगा, व्हिएतनाममध्ये खरोखर शौर्य गाजवलेला माणूस. टीव्हीवर अख्खा देश बघत होता आणि नॉर्थ हिरो झाले, त्यांच्या नावाने तारा, फुलं. म्हणजे तुमच्या पत्रलेखकांच्या नियमाने मामला तिथेच संपायला हवा होता.

इनोयेंनी संपवला नाही. त्यांनी नॉर्थ यांच्या शौर्याला नाव ठेवलं नाही, पण शांतपणे सांगितलं की सैनिकाने कायदेशीर हुकूमच पाळायचे असतात, बेकायदेशीर हुकूम न पाळणं हे त्याचं कर्तव्य आहे, आणि हेच तत्त्व आपण नाझींवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात जगाला लावलं. नॉर्थ यांचे वकील भडकले. लोक तर इतके चिडले की इनोयेंना जपानला परत जा म्हणणारे फोन आणि पत्रं आली, शेवटी समितीतल्या रिपब्लिकन सिनेटर रडमन यांना भर सुनावणीत त्या वांशिक शिव्यांचा निषेध करावा लागला. हात देऊन बेचाळीस वर्षं झालेली! नॉर्थ यांना पुढे शिक्षा झाली, ती अपिलात रद्दही झाली, 1994 मध्ये ते व्हर्जिनियातून सिनेटला उभे राहिले आणि पडले, आणि ज्यांच्याकडून पडले ते चक रॉबही मरीनमधून व्हिएतनामला जाऊन आलेले. दोघांकडे मेडल, मग मतदाराने काय बघायचं? दुसरं सगळंच बघायचं ना.

छावण्यांच्या अन्यायाचा प्रश्नही त्यांनी हात वर करून, भावनेला हात घालून सोडवला नाही. आधी चौकशी आयोग नेमायला लावला, पुरावे, साक्षी गोळा होऊ दिल्या, लोकांना ते कळू दिलं, आणि मग 1988 मध्ये भरपाईच्या कायद्यावर अध्यक्ष रेगन यांची सही झाली, हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर आणि सरकारची माफी. घाई करणाऱ्यांना तेव्हा हे वेळकाढू वाटलं होतं. हवाईजवळच्या काहोओलावे बेटावर नौदल वर्षानुवर्षं बॉम्बफेकीचा सराव करायचं, ते बेट राज्याला परत देणारी तरतूदही 1993 मध्ये यांनीच संरक्षण खर्चाच्या बिलात घातली. 2002 मध्ये इराकवर हल्ल्याला परवानगी देण्याच्या विरोधात मत दिलेल्या मोजक्या सिनेटरांत हे होते, आणि तेव्हा ते मत देणं सोपं नव्हतं.

आता दुसरी बाजू, नाहीतर हे पत्र आरतीसारखं होईल. केंद्राचा पैसा आपल्या राज्यात ओढून नेण्यात इनोये पटाईत होते, मोठमोठ्या रकमा, आणि त्याचा त्यांना उघड अभिमान होता, हवाईतले लोक खूश, बाकीच्या देशातले टीकाकार त्याला उधळपट्टी म्हणायचे. दोघांचंही म्हणणं चूक नाही. त्याहून गंभीर म्हणजे 1992 च्या निवडणुकीत एका महिलेने त्यांच्यावर लैंगिक जबरदस्तीचे आरोप केले. त्यांनी साफ नाकारलं. सिनेटच्या एथिक्स कमिटीकडे प्रकरण गेलं, पण महिलेने पुढे सहभागी व्हायला नकार दिला म्हणून ते तिथेच बंद झालं, ना शाबीत ना खोटं. ते निवडून आले. त्यांच्यावरच्या गौरवपर लेखांत हा परिच्छेद बहुतेक वेळा नसतो, टेकडीवरचा ग्रेनेड मात्र नेहमी असतो. पत्रलेखकांच्या हिशोबाने तर हा प्रश्न तोंडातूनही काढायचा नाही, कारण हात गेला होता ना. मला ते पटत नाही. टेकडीवरचं धाडस शंभर टक्के खरं आहे आणि त्या महिलेला नीट उत्तर मिळालं नाही हेही तितकंच खरं आहे, एकाने दुसरं पुसलं जात नाही.

म्हणून संपादक, एक विनंती. निवडणुका आल्या की तुमच्या पानांवर उमेदवारांच्या मुलाखती येतात, आणि उमेदवार माजी सैनिक असला की तुमचे प्रतिनिधी पानभर फक्त सीमेवरचे किस्से विचारतात. किस्से छापाच, आम्ही आवडीने वाचतो. पण अर्धं पान तरी असं ठेवा की निधी कुठे खर्च करणार, पक्षाचा हुकूम आणि स्वतःचं मत वेगळं झालं तर काय करणार, अंगावर काही तक्रारी आहेत का, हे सगळं बाकीच्या उमेदवारांना विचारता तसंच त्यांनाही विचारा. त्यांनी याहून वाईट गोष्टींना तोंड दिलेलं असतं, एका वार्ताहराला घाबरणार नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक