बाबा, काकूंकडे एकदा जाऊन या

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस की बाबा हल्ली संध्याकाळी मैदानाकडे फिरकत नाहीत. मैदानातल्या त्यांच्या जुन्या मित्राच्या, आपल्या काकांच्या मातीला जाऊन आले, तेव्हापासून मोंढ्यात जायचं असलं तरी काकांची गल्ली टाळून लांबून जातात. बाबा, हे मी फोनवर काढलं असतं तर तुम्ही 'बरं, बघू' म्हणून फोन आईच्या हातात दिला असता. म्हणून पत्र लिहितोय. निवांत वाचा.

दिओगो जोटा हे नाव तुम्ही माझ्या तोंडून ऐकलेलं आहे. लिव्हरपूल क्लबचा, पोर्तुगालचा फुटबॉलपटू. पायात चेंडू आला की गोलपोस्टकडेच बघणारा. 3 जुलै 2025 च्या मध्यरात्री तो आणि त्याचा धाकटा भाऊ आंद्रे सिल्वा स्पेनमधून गाडीने निघाले होते. जोटाच्या फुफ्फुसाची शस्त्रक्रिया झाली होती, डॉक्टरांनी विमान टाळायला सांगितलं होतं, म्हणून पुढे बोटीने इंग्लंड गाठायचं ठरलं होतं. पुढच्या गाडीला मागे टाकताना टायर फुटला. जोटा 28 वर्षांचा, आंद्रे 25 चा. तोही फुटबॉलपटूच, पोर्तुगालमध्ये दुसऱ्या श्रेणीत खेळायचा. जोटाचं लग्न 22 जूनला झालं होतं. पदरी तीन लेकरं. एका घरातून एकाच दिवशी दोन शवपेट्या निघाल्या, आई. त्या आईबापाकडे कोणी काय तोंड घेऊन गेलं असेल? (धाकट्याला सांग, समृद्धीवर चढण्याआधी टायर तपासल्याशिवाय निघायचं नाही. तिथे ताशी 120 ची मुभा आहे म्हणून 120 नेच पळवायची असं नसतं.)

पण लोक गेले, बाबा. मला तेच तुम्हाला सांगायचं आहे.

रुबेन नेव्हेस हा त्याचा जिवलग. पोर्तो क्लबात, मग इंग्लंडमध्ये वुल्व्हज क्लबकडे आणि देशाच्या संघातही दोघं एकत्र खेळले. बातमी आली तेव्हा नेव्हेस अमेरिकेत होता, दुसऱ्या दिवशी ऑरलँडोला त्याच्या अल हिलाल या सौदी क्लबचा सामना होता. सुरुवातीला मिनिटभर शांतता पाळली, तेव्हा त्याच्या डोळ्यांना धार लागलेली सगळ्यांनी पाहिली. तरी तो खेळला. सामना हरले. तिथून विमान पकडून दुसऱ्या दिवशी पोर्तुगालमधल्या गोंदोमारच्या चर्चमध्ये अंत्यविधीला हजर. शवपेटी उचलणाऱ्यांत तो होता. पुढे देशाच्या संघात जोटाचा 21 नंबरचा शर्ट त्याच्या अंगावर आला आणि ऑक्टोबरमध्ये आयर्लंडविरुद्ध, भरपाईच्या वेळेत, त्याने डोक्याने गोल मारला. देशासाठीचा त्याचा तो पहिलाच गोल. मी इथे खोलीत एकटा होतो, उठून उभा राहिलो.

अँडी रॉबर्टसन म्हणून दुसरा एक, लिव्हरपूलमध्ये जोटासोबत खेळलेला, स्कॉटलंडचा कप्तान. त्याने मित्राबद्दल जे लिहिलं, त्यात गोल कुठेच नव्हते. जोटा पोर्तुगालचा असून पक्का ब्रिटिश कसा झाला होता, दोघं बसून डार्ट्स, म्हणजे फळीवर छोटे बाण मारायचा खेळ, कसा बघायचे, घोड्यांच्या शर्यतीला गेले तेव्हा काय मजा आली, आपण त्याला गमतीने 'मॅकजोटा' म्हणून स्कॉटिश कसं करून टाकायचो, असलं सगळं. लिव्हरपूलने त्याचा तिथला 20 नंबरचा शर्ट कायमचा बाजूला ठेवला, प्रेक्षक अजूनही विसाव्या मिनिटाला त्याचं गाणं म्हणतात. ते मोठंच आहे. पण मला जोटा माणूस म्हणून कळला तो त्या डार्ट्समुळे. हे मित्राशिवाय कोण सांगणार?

नोव्हेंबरात स्कॉटलंडने डेन्मार्कला 4-2 हरवलं आणि 1998 नंतर पहिल्यांदा विश्वचषक गाठला. सगळं मैदान नाचत होतं, आणि रॉबर्टसन मुलाखतीत बोलत होता जोटाबद्दल. दिवसभर तोच डोक्यात होता म्हणाला. कतारचा विश्वचषक दोघांचाही हुकला होता, जोटाचा दुखापतीमुळे, रॉबर्टसनचा संघ पात्र न ठरल्यामुळे. दोघं त्यावर खूप बोलायचे. आतून रॉबर्टसन पार कोसळला होता, पण संघातल्या पोरांना कळू दिलं नव्हतं. आणि मग सगळ्या जगासमोर सांगून मोकळा झाला.

बाबा, तुम्हीही कोणाला कळू देत नाही. पण काकांचं मैदानातलं आयुष्य जवळून पाहिलेलं आता तुमच्याशिवाय कोण उरलंय? ते पोलिसांच्या संघातून खेळायचे, खेळावरच नोकरी लागली, एवढं सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण एस.टी.ने औरंगाबादला सामन्याला जाताना बुटांचे खिळे वर आले आणि अंबडच्या फाट्यावर गाडी थांबली तेवढ्यात ते दगडाने ठोकत बसले, कंडक्टर ओरडत होता आणि काका म्हणत होते, 'एकच राहिलाय, एकच', हे तुम्ही मला सांगितलंय. बुटाला करडीचं तेल चोळायचे आणि त्या वासाने सगळी गाडी वैतागायची, तेही. काकूंना हे ठाऊक असेल असं मला वाटत नाही. लग्नाआधीचे दिवस ते. त्यांच्या नातवाला तर नक्कीच ठाऊक नाही, तो पोरगा शाळेच्या संघात बॅकला खेळतो म्हणे.

तुम्ही म्हणाल, आता जाऊन काय बोलू, तेरवीलाही धड बसलो नाही. काही ठरवून बोलू नका. फाट्यावरच्या खिळ्यांपासून सुरुवात करा, पुढचं आपोआप येईल. काकू रडतील. तुम्हालाही रडू येईल. येऊ द्या.

आई, तू सोबत जा, नाहीतर हे दारातूनच परत फिरतील. जाताना ज्वारीच्या लाह्या ने, काकूंना आवडतात. आणि काकांची शिट्टी त्यांनी जपून ठेवली असेल तर नातवाला द्यायला सांगा, कपाटात ठेवून काय करायची.

मी हुरड्याला येतोय, तेव्हा मलाही काकूंकडे यायचं आहे. पण बाबा, माझ्यासाठी थांबू नका. याच रविवारी जा, आणि काकू काय म्हणाल्या ते आईला नको, तुम्ही स्वतः फोन करून मला सांगा.

तुमचा,
थोरला