पिल्लू घेताना खोंडासारखी पारख का होत नाही?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत अलीकडे जर्मन शेफर्डच्या पिल्लांच्या जाहिराती वाढल्या आहेत. ‘इम्पोर्टेड लाइन’, ‘चॅम्पियन ब्लडलाइन’, ‘डबल कोट, हेवी बोन’ आणि खाली एक मोबाइल क्रमांक, एवढाच त्यांचा मजकूर असतो. शिराळा, कराड, पाटण या पट्ट्यात उसात बिबट्याचा वावर असल्याने आणि मळ्यात वस्ती करून राहणाऱ्यांना राखणीची गरज भासत असल्याने आपले अनेक वाचक या जाहिराती पाहून पिल्लू घेतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

2015 साली मीही असेच एक पिल्लू घेतले. विक्रेत्याने पिल्लाच्या वडिलांचे करंडकासह फोटो दाखवले. आई कुठे आहे असे विचारल्यावर ‘दुसऱ्या फार्मवर आहे’ असे उत्तर मिळाले आणि मी ते मान्य केले. पिल्लू पंचेचाळीस दिवसांचे आहे असे सांगितले होते, पण घरी आणल्यावर जनावरांच्या डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिले तेव्हा दुधाचे दातही पुरते आलेले नव्हते. अकराव्या महिन्यात तो बागेच्या बांधावरून पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकू लागला आणि पडवीच्या दोन पायऱ्या चढण्याआधी थांबून आमच्याकडे पाहू लागला. भूल देऊन एक्स-रे काढला, तेव्हा डाव्या खुब्याचा गोळा वाटीत धड बसलेलाच नाही हे दिसले. पुढची सहा वर्षे त्या गुणी जनावराने वेदनाशामक गोळ्यांवर पडवीत काढली. ज्या राखणीसाठी त्याला आणले होते, ती त्याच्याकडून कधी झाली नाही आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नव्हता.

खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंड घेणारा आपला माणूस आधी गाय कोणाच्या दावणीची, वळू कोणता, हे विचारतो. जनावर चालवून पाहतो, खूर पाहतो, डोळा पाहतो, आणि मगच रुमालाखाली बोटे धरतो. तोच माणूस कुत्र्याचे पिल्लू मात्र मोबाइलवरच्या फोटोवरून ठरवतो. पारख आपल्याला येत नाही असे नाही. ती कुत्र्याच्या बाबतीत आपण वापरत नाही, एवढेच.

जर्मन शेफर्ड हा मुळात मेंढपाळाचा कुत्रा. 1899 साली माक्स फॉन स्टेफानिट्झ या घोडदळातील अधिकाऱ्याने होरांड फॉन ग्राफ्राथ हा कुत्रा घेऊन या जातीची नोंदवही सुरू केली, ती कामाची क्षमता टिकवण्यासाठी. जर्मनीतील मूळ संघटनेच्या नियमांनुसार आजही नर-मादीची पैदाशीसाठी निवड होण्यापूर्वी खुब्यांचे व कोपरांचे एक्स-रे तपासले जातात, आज्ञापालन, माग काढणे व संरक्षण यांची कामाची परीक्षा किंवा कळप राखण्याची परीक्षा द्यावी लागते आणि सायकलच्या बरोबरीने 20 किलोमीटर धावण्याची कसोटीही पार करावी लागते. आटपाडी-जतकडच्या धनगर बांधवांना यामागचा विचार समजावून सांगण्याची गरज नाही, कारण दिवसभर कळपामागे चालू न शकणारा कुत्रा ते स्वतःही पैदाशीला ठेवत नाहीत.

पुढे या जातीत दोन वाटा झाल्या. प्रदर्शनासाठी जोपासलेले कुत्रे बहुधा काळे-तांबडे, उतरत्या पाठीचे, आणि कामासाठी जोपासलेले अनेकदा लांडग्यासारख्या राखी रंगाचे, सरळ पाठीचे व अधिक तडफदार. दुसऱ्या वाटेतच पश्चिम जर्मन, पूर्व जर्मन आणि तत्कालीन चेकोस्लोव्हाकियाच्या सीमारक्षकांच्या श्वानपथकातून आलेली चेक, अशी घराणी सांगितली जातात. मात्र पूर्व जर्मनी हा देश 1990 मध्येच संपला. आज ‘डीडीआर लाइन’, म्हणजे पूर्व जर्मन घराणे, म्हणून दाखवले जाणारे नाव वंशावळीत पाचव्या पिढीत असेल, तर त्या एका पूर्वजाचा पिल्लातला वाटा सरासरी बत्तिसावा असतो. म्हणून दूरच्या पणजोबाच्या नावापेक्षा समोर उभी असलेली आई आणि वडील यांनी काय काम केले आहे आणि त्यांचे एक्स-रे कसे आहेत, याला माझ्या मते कितीतरी अधिक मोल आहे.

‘डबल कोट’, म्हणजे केसांचा दुहेरी थर, हे या जातीतील प्रत्येक कुत्र्याचेच लक्षण असल्याने त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. नराची प्रमाण उंची 60 ते 65 सेंटिमीटर व वजन 30 ते 40 किलो असताना ‘जायंट’ म्हणून पन्नास किलोचा कुत्रा विकणारा खरेतर सांध्यांवरचा बोजाच विकत असतो. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद असणे चांगलेच, पण तो कागद आईबाप कोण हे सांगतो, त्यांचे खुबे कसे आहेत हे सांगत नाही. शिवाय खुब्याचा दोष एकाच जनुकातून येत नसल्याने निर्दोष जोडीच्या वेतातही एखादे पिल्लू अधू निघू शकते, म्हणून त्याच मादीच्या आधीच्या वेतातली पिल्ले आज कशी चालतात, हे त्यांच्या मालकांना फोन करून विचारावे. उतारवयात मागचे पाय निकामी करणाऱ्या डिजनरेटिव्ह मायलोपॅथीची डीएनए चाचणीही होते आणि जबाबदार ब्रीडर तिचा निकाल मागण्याआधीच समोर ठेवतो.

दुसऱ्या खेपेस मी ज्या बाईंकडून पिल्लू घेतले, त्यांनी आधी मलाच प्रश्न विचारले. वस्तीवर दिवसभर कोण असते, कुत्रा साखळीला राहणार का, रोज तासभर त्याच्याशी काम कोण करणार, हे सगळे त्यांनी खोदून विचारले. मार्चमध्ये आमचा द्राक्षांचा माल उतरत होता. तेव्हा त्या म्हणाल्या, “खरड छाटणी उरकू द्या, मग या. आत्ता तुम्हाला वेळ नाही आणि त्याला वेळच लागतो.” पुढच्या वेताच्या वेळी मी गेलो. आई अंगणात मोकळी होती, आम्हाला हुंगून शांतपणे बाजूला बसली. बाईंनी पिल्लांपासून थोड्या अंतरावर लोखंडी घमेले आपटले. सगळीच दचकली, पण एक पिल्लू क्षणभरात परत येऊन घमेल्याच्या कडेला नाक लावू लागले, तर एक कोपऱ्यातून हललेच नाही. त्यांनी मला पहिले दिले आणि दुसरे कामाच्या कुत्र्याची अपेक्षा नसलेल्या घरी देणार असल्याचे सांगितले.

बिबट्याच्या भीतीने पिल्लू घेणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. बिबट्या कुत्र्याला भक्ष्य समजतो. शेफर्ड वास घेऊन आपल्याला सावध करील, पण रात्री त्याला उघड्यावर साखळीने बांधणे म्हणजे त्याला बिबट्यापुढे ठेवणे होय. त्याच्यासाठी वरून बंद असलेला भक्कम पिंजरा आधी करावा, मग कुत्रा आणावा.

2017 च्या केंद्रीय नियमांनुसार श्वानपैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे, आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि अठरा महिन्यांखालील मादीपासून पैदास करता येत नाही. आठ आठवड्यांची अट नुसती कागदोपत्री नाही. चावा कुठे थांबवायचा हे पिल्लू त्या काळात आईकडून आणि भावंडांकडून शिकते, आणि ज्याला माणसांत व मुलाबाळांत राहून राखण करायची आहे, त्याला ते शिकलेच पाहिजे.

म्हणून आपणांस विनंती आहे की, आपल्या दैनिकात पिल्लांची जाहिरात स्वीकारताना पैदासकाराचा नोंदणी क्रमांक व पिल्लांची जन्मतारीख या दोन गोष्टी जाहिरातीत छापणे सक्तीचे करावे. जन्मतारीख छापलेली असली, तर निदान आठ आठवडे झाले की नाहीत, हे वाचकाला घरबसल्या मोजता येईल.

आपला नम्र,
एक द्राक्ष बागायतदार
ता. तासगाव, जि. सांगली