थकलाय तो जॅकी नाही, कथा

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतलं ‘कुंग फू योगा’चं परीक्षण वाचलं, पण जॅकी चॅन म्हातारा झाला म्हणून सिनेमा फसला हे काही पटलं नाही. 2017 मध्ये हा सिनेमा आला तेव्हा माणूस 62 वर्षांचा होता, ‘आर्मर ऑफ गॉड’च्या शूटिंगला झाडावरून पडून कवटी फुटली होती त्याची, तरी अजून मारामारी करता करता हसवतोच की. फसलीय ती कथा. सातव्या शतकात चीनचा दूत वांग श्वानत्से हर्षवर्धनाच्या मृत्यूनंतर इथे लुटला गेला, मग तिबेट-नेपाळचं सैन्य घेऊन परत येऊन लढला, एवढा अस्सल मसाला हाताशी असताना तो सुरुवातीच्या ॲनिमेशनमध्ये उरकला आणि पुढे काय, तर दुबईत गाडीत सिंह! फराह खानने बसवलेला शेवटचा नाच मात्र मस्त जमलाय, त्याबद्दल परीक्षणात एक ओळही नाही.
– एक वाचक, डोंबिवली