नुसतं पाणी पिऊन पळू नकोस

राजा,

काल फोनवर म्हणालास की मीठ बंद केलंय आणि दिवसाला सहा लिटर पाणी पितोयस, कुठल्यातरी रीलमधे बघून. बाबा शेजारी होते म्हणून मी काही बोलले नाही, पण रात्रभर झोप नाही लागली रे.

मागच्या मे महिन्यात बाबांना अॅडमिट केलं तेव्हा तुझी परीक्षा होती म्हणून तुला नीट सांगितलंच नाही. अकोल्याचं ऊन, सोमवारचा उपास, पोटात चहा आणि दोन केळी, आणि ऊन लागू नये म्हणून दिवसभर तांब्यावर तांब्या पाणी. संध्याकाळी डोकं दुखायला लागलं, मग उलटी, आणि रात्री मला विचारतायत, आई कुठे गेली गं? आजीला जाऊन बारा वर्षं झालीत. मी हादरलेच. दवाखान्यात रक्त तपासलं तर सोडियम, म्हणजे मिठातून मिळतं ते, 118, नॉर्मल 135 ते 145 असतं.

डॉक्टर म्हणाले घामातून पाण्यासोबत मीठही जातं, आपण भरून काढतो फक्त पाणी, मग रक्तातलं सोडियम उतरतं आणि पाणी मेंदूच्या पेशींत शिरून त्या फुगतात, कवटी काही फुगत नाही ना, म्हणून माणूस बरळतो, झटकेही येतात. त्यात बाबांची बीपीची गोळी लघवीतून सोडियम बाहेर टाकणारी होती, ती बदलली. सोडियम घाईत वाढवलं तरी मेंदूला इजा होते म्हणून सलाईनही अगदी हळू, तीन दिवस मी त्या थेंबांकडेच बघत बसलेली.

आणि तू तर भरतीसाठी रोज 1600 मीटर मारतोस. मागच्या वेळी तुझा काळा टी-शर्ट धुवायला घेतला तर पाठीवर पांढरे नकाशे उमटलेले, ते मीठच की रे.

घरात बीपी आहे म्हणून घाबरलास, कळतं मला. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणतात ते खरंय, चिवडा-वेफर्स सोड, पण वरणभाजीतलं सोडू नकोस. पाणी तहान लागेल तसं पी. पळून आल्यावर मीठ घातलेलं ताक किंवा पन्हं, पन्ह्यात गूळ आणि मीठ दोन्ही असतं आणि गोड सोबत असलं की आतडं मीठ पटकन ओढून घेतं, मागोमाग पाणी, ओआरएस पण असंच काम करतं. घरी करायचं तर 1 लिटर पाण्यात 6 सपाट छोटे चमचे साखर, त्याच छोट्या चमच्याने सपाट अर्धा चमचा मीठ. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, तेवढ्यावर राहू नकोस.

आणि पळताना मळमळलं, डोकं ठणकलं तर वरून आणखी पाणी ढोसू नकोस, सावलीत बस आणि मित्राला सोबत घेऊन सरळ डॉक्टरकडे जा.

रविवारी मामा तिकडे येतोय, त्याच्याजवळ पन्ह्याच्या गराची बरणी देतेय. मीठ घालूनच देतेय, गपचूप पी.

तुझी आई