टेकडीवर बाटलीतलं पाणी ओतून बघणाऱ्या ताईंना

ताई,

हे मराठीत लिहितेय कारण इंग्लिशमध्ये लिहायला बसले की 'थँक यू सो मच'च्या पुढे काही सुचतच नाही आणि मला जे म्हणायचंय ते तेवढ्यात मावत नाही. तुम्हाला भेटले की वाचून दाखवेन, अर्थ सांगेन. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला विचारलेलं नाही म्हणून.

बाबा परत जाऊन तीन आठवडे झाले. त्यांचे मातीने भरलेले बूट अजून गॅरेजमध्ये तसेच आहेत, मला धुवावेसे वाटत नाहीत.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आम्ही फ्रीमाँटला राहतो, कॅलिफोर्नियात. इथे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवती जे डोंगर आहेत ना, त्यांच्या माथ्यामाथ्यावरून एक मोठी पायवाट तयार होतेय, बे एरिया रिज ट्रेल म्हणतात. पूर्ण झाली की 550 मैलांची होईल, म्हणजे 880 किलोमीटरच्या वर, नऊ काउंट्यांमधून जाणारी, मध्ये गोल्डन गेट ब्रिजसुद्धा लागतो. चालणारे, सायकलवाले, घोड्यावरचे, सगळ्यांसाठी. 1989 मध्ये पहिले तुकडे खुले झाले आणि आता 400 मैलांच्या वर झालीय. मधली जमीन कुठे पार्कची, कुठे पाणीपुरवठ्याची, कुठे कुणाच्या खाजगी मालकीची, त्यामुळे तुकड्यातुकड्याने जोडत जोडत न्यायची. आणि यातलं किती काम शनिवारी सकाळी स्वतःचा डबा घेऊन येणारी साधी माणसं करतात हे मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं, मिशन पीकचा डोंगर आमच्या खिडकीतून दिसतो तरी.

माझे बाबा कोरेगाव तालुक्यातले, जिल्हा सातारा. वय त्र्याहत्तर. आई गेल्या वर्षी गेली, मग मी हट्ट करून त्यांना सहा महिने इकडे आणलं. शेतावर उठल्यापासून झोपेपर्यंत चालणारा माणूस, इथे सोफ्यावर बसून राहायला लागला. टीव्ही लावून दिला तर बघायचे पण बघायचे नाहीत. जेवताना विचारलं काय करू उद्या तर 'तुला जे सोपं पडंल ते' एवढंच.

मग मी सगळीकडे विचारत सुटले. त्याबद्दल लिहावं की नाही कळत नाही पण लिहिते, कारण ते आठवलं की अजून घशाशी येतं. एका ठिकाणी सांगितलं वय जास्त आहे, रिस्क नको. आपल्याच लोकांचा एक ट्रेकिंगचा ग्रुप, तिथे म्हणाले काकांना झेपणार नाही, आमचा स्पीड जास्त असतो. आणि एका स्वच्छतेच्या कार्यक्रमाला घेऊन गेले तर बाबांना तंबूखाली खुर्ची दिली आणि पाण्याच्या बाटल्या वाटायला बसवलं, चार तास. वाईट कुणी वागलं नाही हो, सगळे हसून बोलले. पण प्रत्येक जण माझ्याकडे बघून विचारायचा, त्यांना खुर्ची हवी का, त्यांना थंडी वाजतेय का, त्यांना इंग्लिश येतं का. बाबा शेजारी उभे असायचे, एखादी बॅग ठेवल्यासारखे. त्या दिवशी गाडीत बसल्यावर म्हणाले, 'मला नको आता कुठं नेऊस.'

तरी मी या पायवाटेच्या कामासाठी तुमच्याकडे नाव दिलं. फेब्रुवारी होता, डोंगर हिरवेगार, कारण इथे पाऊस हिवाळ्यात. माती ओली असते तेव्हाच वाटेचं काम बरं होतं, उन्हाळ्यात हीच माती दगडासारखी होते, हे नंतर तुम्हीच सांगितलंत. सगळ्यांना हेल्मेट, ग्लोव्हज, तीन पानांच्या खाजऱ्या पॉयझन ओकला हात लावू नका म्हणून सूचना. मग अवजारं काढलीत आणि बाबांचा चेहराच बदलला. एका बाजूला कुऱ्हाड एका बाजूला कुदळ असलेलं पुलास्की, आणि ते मॅक्लाउड, एका बाजूला दाताळं आणि एका बाजूला रुंद पातं. बाबा म्हणाले, 'दाताळं हाय की ह्ये.'

डोंगराच्या उतारात वाट कापलेली होती. दीडेक तास झाला असेल, बाबा काम थांबवून एका जागी उभे राहिले आणि काठीने जमिनीवर रेघ ओढायला लागले. मला वाटलं दमले. जवळ गेले तर म्हणतात, 'हितं पाणी वाटंनंच पळणार बघ. कडंला माती वर राहिलीय. आडवं काढाय पायजे, न्हायतर दोन पावसात वघळ पडंल.'

आता हे मी तुम्हाला सांगू की नको, मला धीर होईना. पहिल्यांदाच आलेले पाहुणे आम्ही आणि तुमची चूक काढायची? मी काहीतरी गुळमुळीत बोलायला लागले तर तुम्ही मला हाताने थांबवलंत आणि बाबांकडे बघितलंत. माझ्याकडे नाही, बाबांकडे. त्यांचं अख्खं मराठी वाक्य पुरतं ऐकून घेतलंत, एक शब्द कळत नसताना, मग माझं भाषांतर. आणि मग काही न बोलता सॅकमधून स्वतःची बाटली काढलीत, गुडघ्यावर बसलात आणि पिण्याचं पाणी त्या वाटेवर ओतलंत.

मी हे डोळ्यासमोरून काढूच शकत नाही. तुम्ही दोघं उकिडवे बसून त्या पाण्याकडे बघताय. पाणी बाहेर दरीकडे जायला हवं होतं, ते गेलं वाटेवरूनच, सरळ, आठ-दहा फूट. तुम्ही मान हलवलीत आणि बाबांच्या हातात मॅक्लाउड दिलंत, सगळ्या टीमला हाक मारून सांगितलंत की आता हे दाखवतील तसं करायचं. वीस-पंचवीस फूट वाटेची बाहेरची कड बाबांनी खाली घ्यायला लावली, खुणेची झेंडी स्वतः लावली. कॉलेजातली पोरं त्यांना 'लाइक धिस?' विचारत होती आणि बाबा 'अजून, अजून थोडं' म्हणत होते आणि त्या पोरांना बरोबर कळत होतं. मग तुम्ही उरलेलं पाणी ओतलंत. ते आडवं होऊन गवतात गेलं. बाबा हसले. आई गेल्यानंतर मी पहिल्यांदा बघितलं ते हसू.

तुमची बाटली रिकामी झालीय हे मला कळलंच नाही, बाबांना कळलं, त्यांनी स्वतःची स्टीलची बाटली पुढे केली आणि तुम्ही प्यायलात.

त्यांना हे कुठून कळतं असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी घाईत नीट सांगितलं नाही, आता सांगते. 2016 साली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली तेव्हा तीनच तालुके होते, वरुड, अंबाजोगाई आणि आमचं कोरेगाव. 45 दिवस गावंच्या गावं एप्रिल-मेच्या उन्हात श्रमदानाला. आमच्या तालुक्यातल्या वेळूनं पहिला नंबर काढला. आमच्या गावाचा नंबर आला नाही पण बाबा रोज पहाटे टिकाव घेऊन डोंगरावर असायचे, लाकडाची ए-फ्रेम, मधे ओळंबा, त्यावर समपातळी काढायची आणि सलग चर खणायचे. तिकडे पाणी अडवायचं होतं आणि तुमच्याकडे वाटेवरून काढून द्यायचंय, पण पाणी कुठं जाईल हे बघायची नजर एकच. त्या डोंगरावर आईसुद्धा असायची, पाट्या उचलायला. तुम्ही पाणी ओतलंत तेव्हा बाबांना काय काय आठवलं असेल मला माहीत नाही, त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मला एवढं वाटतं की भली माणसं म्हणजे फार मोठं काही करणारी नव्हेत. समोरच्याला काहीतरी येत असेल असं धरून चालणारी. आपल्याकडे शेतावर नवा गडी आला तरी त्याला पहिल्यांदा विचारतात, तुमच्याकडं कसं करता? तेच तुम्ही विचारलंत, शब्दाशिवाय.

त्यानंतर आम्ही एकही कामाचा शनिवार चुकवला नाही. बाबा आदल्या रात्रीच बूट दाराशी ठेवायचे, सकाळी माझ्या आधी तयार. जेवताना बोलायला लागले, इथल्या डोंगरावरच्या गाई, त्यांची खोंडं, कुणाच्या हाताला कुदळ बसलीय आणि कुणाच्या नाही. सोफ्यावर नुसते बसलेले मी नंतर पाहिले नाहीत.

काल फोन आला. तब्येत बरी आहे, पेरणीची गडबड आहे. तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी माझ्याकडे ठेवून गेलेत, आणते पुढच्या वेळी, तिखट आहे जरा. आणि निरोप आहे, जसाच्या तसा देते: 'त्या बाईस्नी सांग, वाटंच्या भायेरच्या कडंला माती परत साचली आसंल. पाऊस सुरू व्हायच्या आदी वडून घ्या म्हणावं.'